वाट तुमचीच आहे

चुलीवरच्या किटलीचं झाकण थडथडायला लागलं, तेव्हा कुठं आमच्या घरात काहीतरी हललं.

माझा नवरा अद्दी जमातीच्या, म्हणजे गावच्या पंचांच्या, बैठकीवरून आला होता आणि भिंतीला पाठ लावून बसला होता, जोडेही न काढता. मी समोर, मांडीवर बाळ. आमची तुदा दाराशी उभी राहून चौकटीची सुटलेली ढलपी नखानं उकरत होती. आठ वर्षांची आहे, पण घरात काही बिनसलं की तिला आमच्याही आधी कळतं.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"आधी किटली उतरव. पुदिना कडू होईल."

मी चहा ओतला. नवऱ्यानं पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"यंदा सगळ्या गावाची मेंढरं अग्दालात चढतील," तो म्हणाला. "आपली नाहीत."

"मग आपली कुठं जायची?"

"पलीकडच्या उतारावर. तिथं चारा म्हणजे इथं मूठभर, तिथं मूठभर. शेळ्या कड्यावर जाणार, मेंढ्या खाली पांगणार. मी एकटा दोन्हीकडं कसा पुरणार?"

एवढं बोलून त्यानं दाराकडं पाहिलं. मग मीही पाहिलं. तुदाचं नख थांबलं.

"शाळा आहे तिची," मी म्हणाले.

"मला माहीत नाही का?" अद्दी म्हणाला, आणि चहा न पिताच पेला खाली ठेवला.

अग्दाल म्हणजे गावाच्या डोक्यावरचं राखलेलं कुरण. बर्फ वितळून पहिली हिरवी लव दिसली की जमात ते बंद करते. खाली शेतात जव पिवळं पडेपर्यंत आत ना मेंढरू, ना माणूस, ना विळा. गवताला फुलायचं असतं, बी धरायचं असतं, ते बी मातीत पडायचं असतं. मग एका सकाळी सगळं गाव एकदम चढतं, कुणी कुणाच्या पुढं नाही. कडेनं चुना फासलेल्या दगडांची एक ओळ आहे, तेवढंच कुंपण. बाकीचं कुंपण माणसांच्या डोळ्यांत. दर वर्षी एका घराकडं राखणीची पाळी येते. यंदाची पाळी आमची होती.

आणि शाळा होती हेन्नूची.

हेन्नू मूळची इथलीच, खालच्या आळीतली. लहानपणीच बापाबरोबर मराकेशला गेली, शिकली, तिथंच एका बालवाडीत शिकवायला लागली. त्या बालवाडीच्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची आणि मुलं कागदावरच्या झाडांना हिरवा रंग द्यायची. एक दिवस एका मुलानं झाडाला चाकं काढली. "झाडाला चाकं असतात का रे?" हिनं विचारलं. तो म्हणाला, "मग ते आमच्या गल्लीत येणार कसं?" ही गोष्ट हेन्नू हसत हसत सांगायची, पण त्याच वसंतात ती नोकरी सोडून आजोबांच्या बंद घरात राहायला आली.

आम्ही बायका भाकरीच्या भट्टीपाशी जमलो होतो तेव्हा ती आली, आणि मुलं मागायला लागली. कुणी पीठ मागतं, कुणी विस्तव मागतं. हिनं मुलं मागितली.

"भिंती नाहीत, फळा नाही, बाकं नाहीत," म्हातारी रक्कूश म्हणाली. "मग शाळा म्हणून आहे तरी काय?"

"अक्रोडांची राई आहे. ओढा आहे. डोंगर आहे."

"अगं बये! असल्या शाळेत माझ्या शेळ्या कधीच्या जातायत. एकीची तरी मास्तरीण झाली का?"

भट्टीभोवती जी हशाची लाट उठली ती बराच वेळ बसली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "आधी स्वतःचं लग्न कर बाई, मग दुसऱ्यांची पोरं सांभाळ."

"नवऱ्यापेक्षा पोरं सांभाळायला सोपी, असं तुम्हीच म्हणता ना?" हेन्नू म्हणाली, आणि तीही आमच्यात हसायला लागली. मला ती तिथंच आवडली.

मी तुदाला पाठवलं. शिक्षणाचं काही फार मोठं मनात होतं असं नाही. तुदा तेव्हा पाच वर्षांची होती आणि बोलत नव्हती. मुकी नव्हती, माझ्या कानात बोलायची, शेळीच्या कानात बोलायची. पण चार माणसं जमली की तिचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. खालच्या खोऱ्यातली शाळा दूर, तिथं सगळी अनोळखी. म्हटलं, इथं निदान अक्रोडाखाली बसेल, माझ्या नजरेसमोर.

राई मिळवणं हेच हेन्नूचं पहिलं दिव्य होतं. आमच्याकडं जमीन एकाची, झाड दुसऱ्याचं आणि एखादी फांदी तिसऱ्याच्या मेव्हण्याची. ती घरोघर बसली, प्रत्येक घरचा चहा प्यायली, प्रत्येकाचं मेव्हण्याशी काय बिनसलंय ते ऐकून घेतलं. शेवटी ठरलं, की पानगळीत मुलांनी सगळ्यांचे अक्रोड वेचून द्यायचे आणि त्या बदल्यात वर्षभर सावली वापरायची. पहिल्याच पानगळीत मुलांचे हात सालींनी काळे झाले, ते कितीतरी दिवस काळेच. रक्कूश म्हणाली, "शाळा शिकली म्हणून निशाणी तरी आहे." थंडीत बर्फ पडलं तेव्हा मात्र तिनंच आपला गोठा उघडून दिला. "बसा शेळ्यांबरोबर. यंदा तरी एखादी मास्तरीण होईल."

त्या शाळेत सकाळी पहिली गोष्ट एकच. मुलं मोठ्या अक्रोडाखाली गोल बसायची आणि हेन्नू एकेकाला विचारायची, "येताना काय पाहिलंस?" बाकी सगळं त्यातून निघायचं. कुणी ओढ्यात गढूळ पाणी पाहिलं, की सगळी वरच्या अंगाला माती कुठं ढासळली ते शोधायला जायची. कुणी लांडग्याचा माग पाहिला असं सांगितलं, की त्या दिवशी मोजणी, भांडण आणि गोष्टी, सगळं लांडग्याचंच. तुदाची पाळी आली की हेन्नू विचारायची, थांबायची आणि पुढं जायची. कधी "बोल की" म्हणाली नाही. सगळी थंडी अशीच गेली.

मग एक दिवस तुदा म्हणाली, "मुंगी." सगळी तिच्याकडं वळली. "दुसऱ्या मुंगीला ओढत होती. मेलेल्या. घरी नेत होती."

मी संध्याकाळी अद्दीला सांगितलं. तो खेचराला दाणा घालत होता.

"सगळ्यांसमोर बोलली?"

"सगळ्यांसमोर."

"मुंगीबद्दल?"

"मुंगीबद्दल."

तो बाहेर जाऊन कितीतरी वेळ उभा राहिला. आत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "उद्यापासून या घरात कुणी मुंगीवर पाय द्यायचा नाही," म्हणाला.

त्यानंतर तुदा थांबलीच नाही. झोपेतून उठली की तिचं पाहणं सुरू व्हायचं. शाळेची वाट हाकेच्या अंतराची, पण ही एवढी वळणं घ्यायची, की पोचेपर्यंत इतरांची अर्धी सांगून झालेली असायची. आणि तरी सगळी मुलं तिच्याकडं तोंड करून बसायची, कारण तुदानं पाहिलेलं दुसऱ्या कुणी पाहिलेलं नसायचं.

हेन्नू मला म्हणाली होती, "इत्तो, ही शाळा मी कुणासाठी काढली ते मला तुझ्या पोरीमुळं कळलं."

पण शाळा नुसत्या सावलीवर चालत नाही. गावातली घरं भाकरी द्यायची, लोणी द्यायची, अंडी द्यायची. हेन्नूला कागदपत्रांसाठी खाली जावं लागायचं, परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागायचे, आणि दुसरी शिक्षिका ठेवायची तर तिला अंडी देऊन भागत नव्हतं. पाठीवरची पिशवी झिजली तरी ती तीच शिवून वापरायची. अशातच मराकेशहून डोंगर बघायला आलेल्या लल्ला नौफिस्सा नावाच्या बाई राईत येऊन थबकल्या. आमची मुलं ओढ्यातल्या दगडांखालच्या अळ्या मोजत होती. नौफिस्साबाई तिथंच चिखलात, उंची कपड्यांनिशी खाली बसल्या आणि रडायला लागल्या. आम्हाला वाटलं पाय मुरगळला. मी धावत पाणी आणलं.

त्या मनानं खरंच चांगल्या. पुढच्या वसंतात त्यांनी चार घरं आणली, त्याच्या पुढच्या वसंतात कितीतरी. शहरातली घरं मुलांना घेऊन यायची, गावात खोल्या घेऊन राहायची, मुलं राईत यायची. त्यांच्या फीवर गावातली मुलं फुकट शिकायला लागली. हेन्नूनं मला कामाला ठेवलं. आधी भाकरी भाजायला आणि मुलांचे हात धुवायला, मग सगळ्यांत लहान गटाला सांभाळायला. बाळ पाठीला बांधून मी ते करायचे. शहरातलं एक पोर मला "बाई" म्हणालं तेव्हा मी मागं वळून पाहिलं, कुणाला म्हणतंय म्हणून.

यंदाच्या वसंतात एवढी मुलं आली, की अक्रोडाखालचं गवत गेलं आणि धूळ उडायला लागली. ओढ्यातल्या अळ्या दिसेनाशा झाल्या. सकाळचा गोल इतका मोठा झाला, की त्याचे दोन केले, तरी सगळ्यांची पाळी यायची नाही. एक दिवस तुदा घरी येऊन म्हणाली, "आज विचारलंच नाही मला."

"उद्या विचारतील गं."

"पण आजचं उद्या कसं सांगू?"

मी हसले तेव्हा. भाकरी उलटत होते आणि हसले.

वर अग्दाल फुलला होता. खालूनही दिसायचा, हिरव्यावर पिवळं, पिवळ्यावर जांभळं, उन्हात सुकत घातलेल्या गालिच्यासारखा. शहरातली मुलं बोट दाखवून विचारायची, तिकडं कधी जायचं? नौफिस्साबाई म्हणायच्या, "हेन्नू, निसर्गाची शाळा म्हणतेस आणि खरा निसर्ग वरती राहिलाय." हेन्नू हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. मग एका सकाळी त्या म्हणाल्या, "विचारून तर बघू. राखणदार तर आपल्या इत्तोचाच नवरा."

इथं आमच्याकडचं एक सांगायला हवं. तोंडावर कुणाला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. शेजाऱ्यानं बाजाराच्या दिवशी तुमचं खेचर मागितलं आणि ते तुम्हालाच हवं असलं, तरी तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणायचं, "वाट तुमचीच आहे." आणि शेजाऱ्यानं म्हणायचं, "वाट लांब आहे, पुढं कधीतरी." झालं. मागणाऱ्याचं मागणं राहिलं, देणाऱ्याची लाज राहिली, खेचर गोठ्यात राहिलं. ही रीत इथं पोर बोलायला लागतं तेव्हाच त्याच्या तोंडात बसते.

आम्ही वर गेलो. नौफिस्साबाई, हेन्नू, बाळाला पाठीशी घेऊन मी, आणि मागं मुलांची रांग. अद्दी दगडांच्या ओळीपाशी आपल्या खोपट्याबाहेर बसला होता. आम्हाला बघून उठला.

"दद्दा अद्दी," हेन्नू म्हणाली, "मुलांना फुलं बघायची होती. कडेकडेनं."

अद्दीनं आभाळाकडं पाहिलं. मग मुलांच्या रांगेकडं. रांगेत तुदा होती. मग त्यानं छातीवर हात ठेवला.

"वाट तुमचीच आहे."

मी हेन्नूच्या तोंडाकडं बघत राहिले. आता म्हणेल. तिचे ओठ हललेही. पण तेवढ्यात नौफिस्साबाईंनी टाळी वाजवली. "ऐकलंत? किती मोठ्या मनाची माणसं आहेत ही!" आणि त्या दगड ओलांडून आत. त्यांच्या मागून मुलं, ओढा फुटावा तशी.

हेन्नूनं माझ्याकडं पाहिलं. तिला माहीत होतं. माझ्याही जिभेशी आलं होतं, वाट लांब आहे म्हणायचं. मागितलं तिनं होतं, पण रांगेबरोबर मीही आले होते. मी म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाळानं तेवढ्यात पाठीवर चुळबुळ केली आणि मी त्याला थोपटायला लागले. पिशवीचा पट्टा नीट करत हेन्नू खाली मान घालून आत गेली.

तो दिवस सुंदर होता, हे खोटं कसं सांगू? गवत मुलांच्या कमरेएवढं. एक छोटी मुलगी फुलांत अशी आडवी झाली, की तिला शोधायला हाका माराव्या लागल्या. सगळी आत होती, एक तुदा सोडून. ती दगडांच्या अलीकडं उभी. हेन्नूनं हाक मारली, "ये की गं!" तुदानं मान हलवली. "बाबा आत गेले तरच." आणि अद्दी काही आत गेला नाही. दोघं बापलेक ओळीच्या बाहेर उभे राहिले, दिवस कलेपर्यंत.

घरी आल्यावर अद्दी म्हणाला, "तुझी मैत्रीण बोलली का नाही?"

"तू नाही म्हणायचं होतंस."

"माझ्या पोरीला जिनं बोलतं केलं, तिला? तोंडावर?"

तेवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण शहरातल्या घरांमध्ये बोलवा उठली, की वर जायला परवानगी आहे. दुसऱ्या दिवशी एक घर गेलं, तिसऱ्या दिवशी दोन, सतरंज्या आणि डबे घेऊन. अद्दी एकेका टोळीला परत फिरवायचा, तर दुसरी टोळी दुसऱ्या बाजूनं. आठवडाभरात अग्दालाच्या हिरव्या अंगावर एक पिवळी रेघ उमटली, आडवी, भुवईवरच्या वणासारखी. गवत चहाडी करत नाही, पण लपवतही नाही. गावातल्या प्रत्येक गच्चीवरून ती रेघ दिसत होती. भट्टीपाशी माझ्याशी कुणी काही बोललं नाही. नुसती जागा करून दिली, जरा जास्तच.

मग बैठक बसली, आणि त्या संध्याकाळी किटली थडथडेपर्यंत आमच्या घरात कुणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशी हेन्नू आमच्याकडं आली. निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका दोन्ही हातांत धरून आली, मनधरणीला जातात तशी. अद्दीनं तो घेतला, उशाशी ठेवला आणि तिला बसायला गालिचा सरकवला. तिचे डोळे सुजलेले होते.

"मी जमातीपुढं गेले होते," ती म्हणाली. "म्हटलं, दंड मला करा. जेवण मी घालते, मेंढा मी कापते. जमातीचे म्होरके दद्दा हम्मू म्हणाले, पाहुण्याला दंड नसतो."

अद्दीनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"पाहुणी? मी म्हटलं, माझी नाळ याच गावात पुरलीय. तर म्हणाले, 'नाळ इथंच आहे पोरी. पाय कुठं नेलेस ते बघ.' शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, इत्तो. ते मला चहा देत होते."

"आणि आमच्याबद्दल?" मी विचारलं.

"म्हणाले, राखणदारानंच वाट दिली, तर बाकीच्यांनी कुणाकडं बघून थांबायचं?"

ते खरंच होतं.

"मी शाळा बंद करते," हेन्नू एकदम म्हणाली.

"शाळा बंद केली म्हणून कुरण उघडतं का?" अद्दी म्हणाला. "उगीच काहीतरी बोलू नकोस. बस. चहा घे."

मी म्हटलं, "मी जाते शेळ्यांमागं. बाळ पाठीवर घेऊन जाते. तुदा शाळेतच राहू दे."

अद्दीनं माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही. "आणि थंडीत चारा?" अग्दाल नाही म्हणजे मेंढरांच्या अंगावर मांस नाही, म्हणजे बर्फात चारा विकत. चारा कशातून येणार, तर मला शाळेतून मिळतं त्यातून. हे त्यानं बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती. तिघांनाही ते दिसत होतं. ते पैसे यायचे तर मी शाळेत राहायला हवं होतं, आणि त्यासाठी माझ्या पोरीची जागा रिकामी व्हायची होती.

"मी तिला संध्याकाळी शिकवीन," हेन्नू म्हणाली. "रोज. इथं येऊन. शपथेवर."

ती आली. पहिले काही दिवस खरंच आली. तुदा मेंढरं कोंडून यायची, पाय धुवायची आणि हेन्नूसमोर बसायची. हेन्नू विचारायची, "येताना काय पाहिलंस?" आणि तुदा बोलता बोलता बसल्या जागी झोपून जायची. मग शहरातून नवी तुकडी आली, हेन्नूला परवानगीच्या कामाला खाली जावं लागलं, मग आणखी काही निघालं. तिनं मुद्दाम टाळलं असं मी म्हणणार नाही. पण एकदा चुकलेली संध्याकाळ दुसरीला बरोबर घेऊन जाते.

जव पिवळं पडलं. अग्दाल उघडायच्या सकाळी सगळं गाव चढलं. घंटा, कुत्री, हाका, म्हाताऱ्यांची गाणी, खेचरांवर तंबू. शाळेच्या मुलांनाही त्या दिवशी सगळ्यांबरोबर वर न्यायचं ठरलं होतं, या वेळी रीतीनं, जमातीला विचारून. दद्दा हम्मूंनी खुशीनं हो म्हटलं. मी लहान गटातल्या पोरांचे हात धरून चढत होते. वळणावर वाट फुटते, तिथं आमची मेंढरं दुसऱ्या बाजूला वळली. पुढं अद्दी, मागं तुदा, तिच्या उंचीएवढी काठी घेऊन. शाळेतली मुलं ओरडली, "तुदा! तुदा! इकडं ये!" तिनं काठी वर करून दाखवली आणि एका चुकार करडाला वळवायला पळाली.

रक्कूश माझ्या शेजारून चढत होती. तिला काही टोमणा सुचत असणार. पण माझ्या हातातल्या पोरांपैकी एकाला तिनं आपल्या बोटाला धरलं, एवढंच.

आता शाळा चांगली चालली आहे. राईत मांडव पडलेत, दुसऱ्या खोऱ्यातून दोन बायका शिकवायला येतात, हेन्नूला आणखी दोन गावांनी बोलावलंय, आमच्याकडं काढा म्हणून. ती मला प्रत्येक गोष्ट विचारते, आधीसारखीच. फक्त बोलता बोलता तिची नजर पलीकडच्या उताराकडं जाते आणि ती वाक्य सोडून देते. मीही ते पुरं करत नाही. दोघींना एकमेकींचा राग यायला हवा होता. तो आला असता तर बरं झालं असतं. रागाला निदान बोलता येतं.

मी सकाळी मुलांच्या हातांवर पाणी घालते. एवढेएवढेसे हात, नखांत माती. हात पुढं येत राहतात आणि मी ओतत राहते. लहान गटाला आता मीच विचारते, "येताना काय पाहिलंत?" मुलं सांगतात. फुलपाखरू. गाढव. मोठ्ठं गाढव. मी सगळं ऐकते. कुणाची पाळी राहू देत नाही.

तुदा घरी बोलेनाशी झाली होती. रुसून नाही, दमून. जेवायची, झोपायची. मला भीती वाटत होती, की तोंड पुन्हा शिवलं जातंय. काल मात्र ती आली ती दारातूनच बोलत आली. मी भाकरी भाजत होते, बाळ पिठाच्या परातीत हात बुडवून बसलं होतं. तिनं काठी भिंतीला लावली आणि माझ्या पाठीला टेकून बसली, तिच्या केसांना मेंढरांचा आणि थाइमच्या पाल्याचा वास. तिनं सगळं सांगितलं. कड्याच्या कपारीत गिधाडाचं एकच पिल्लू आहे आणि त्याची आई ऊन येईल त्या बाजूला पंख धरून उभी राहते. शेळी आजारी असली, की एक ठरावीक कडू झुडूप खाते, एरवी त्याला तोंड लावत नाही. दोन दगडांमधून पाण्याचा आवाज येतो, पण पाणी दिसत नाही. दुपारी येतो, सकाळी येत नाही. मी भाकरी उलटायची विसरले.

"वरून शाळेतली मुलं पण दिसली," ती म्हणाली. "आज ओढ्यापलीकडं आली होती ना? एवढी एवढी दिसत होती, मुंग्यांसारखी. तू पण दिसलीस. तू एकाचे हात धूत होतीस."

"हो," मी म्हणाले.

बाळाच्या मुठीतलं पीठ तिनं सोडवून परातीत टाकलं. मग माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून, अगदी साधं काहीतरी विचारावं तसं विचारलं,

"आई, ती सगळी एवढ्या लांबून डोंगर शिकायला येतात. मग माझं शिकून संपलं का?"